फोन उचलायला लावणाऱ्या तांबेबाई

माझे वडील परभणीत लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. लग्नसराई असली की घरात रोज भाजी, सराई संपली की बँडमालकाकडून अ‍ॅडव्हान्स. पुढच्या सराईत वाजवलेलं सगळं त्या अ‍ॅडव्हान्समध्येच वळतं व्हायचं. आई चार घरची धुणीभांडी करायची. मी शाळेत हुशार होतो आणि गरीब हुशार मुलांना शाळा वह्या फुकट द्यायची. पण देण्याआधी प्रार्थनेच्या वेळी आमची नावं वाचली जायची आणि सगळ्या शाळेसमोर जाऊन उभं राहावं लागायचं. वह्या वाटणारे पाहुणे उशिरा यायचे, तोवर आम्ही उन्हात. तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, मोठं झाल्यावर कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. पुढे मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मस्कतला नोकरी लागली. हे सगळं आधी सांगतोय, कारण त्याशिवाय तांबेबाईंशी माझं भांडण कशावरून झालं ते कळायचं नाही.

बाईंची पहिली भेट मस्कतच्या रुवी भागातल्या एका हॉलमध्ये झाली. सण कुठल्याही वारी येवो, इथे आमचं मंडळ तो शुक्रवारी साजरा करतं, कारण सुट्टी शुक्रवारी असते. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमाही अशीच शुक्रवारी सरकवलेली. एक ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाई खीर वाढत होत्या. मी वाटी पुढे केली आणि खिशातला फोन वाजला. मी खिशातल्या खिशातच तो बंद केला. बाईंचा डाव हवेतच थांबला.

"बँकेचा आहे. उचल."

"तुम्हाला काय माहीत कुणाचा आहे?"

"बायकोचा असता तर बाहेर गेला असतास. आईचा असता तर इथेच उचलला असतास. असा न बघता गळा दाबतात तो बँकेचाच. आणि सुट्टीच्या दिवशी करतायत म्हणजे हप्ते चुकलेत."

फोन पुन्हा वाजला. बाईंनी डाव ठेवला, सरळ माझ्या खिशातून फोन काढला, हिरवं बटण दाबलं आणि माझ्या कानाला लावला. मागे वाट्या घेतलेली रांग ताटकळत उभी. मी कसंबसं "येस सर, नेक्स्ट वीक" म्हटलं आणि ठेवला.

"नेक्स्ट वीक काय, मेल्या? वार सांगायचा असतो," बाई म्हणाल्या आणि मला खीर वाढली. "पुढच्या शुक्रवारी दुपारी माझ्याकडे जेवायला ये. बँकेचं काय असेल ते सगळं घेऊन ये."

माझं प्रकरण साधं होतं. परभणीत आईवडिलांना पक्कं घर बांधून द्यायला आणि बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी इथल्या बँकेतून कर्ज काढलं होतं. दोन क्रेडिट कार्डंही होती. पगार चांगला होता तोवर सगळं फिरत होतं. मग तेलाचे भाव पडले, कंपन्यांची कामं थांबली, आमचा पगार कापला गेला आणि उरलेलाही वेळेवर येईना. कर्ज देताना बँकेने माझ्या सहीचा चेक घेऊन ठेवला होता. तो वटला नाही तर पोलीस केस, आणि केस झाली की देश सोडता येत नाही. आजारपण असो की मयत, विमानतळावरून माणूस परत. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मस्कतबाहेर अल अमेरातच्या फ्लॅटमध्ये चौघे राहायचो, पण प्रत्येकाचा पगार कापलेला, त्यामुळे कुणीच कुणाला काही विचारायचं नाही.

बाईंकडे जायच्या आधीच मी एक तोडगा काढला होता. रुवीतच एकाने ऑफिस थाटलं होतं. तुमची सगळी कर्जं एकत्र करायची, दर महिन्याला एकच रक्कम त्यांना द्यायची, बँकांशी ते बोलणार. काचेचं टेबल, थंडगार एसी, समोर कॉफी. टायवाला माणूस मला सर म्हणत होता. "आप बस फोन मत उठाइए सर, वो हमारा काम है. आप हमारे क्लायंट हैं." पहिल्या काही महिन्यांची रक्कम त्यांची फी म्हणून जाणार होती, नंतर दर महिन्याला थोडं थोडं. मला ते आवडलं होतं. पैसे मोजायचे आणि मान घ्यायचा. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी ऑफिस उघडलं की सही करायची असं ठरलं होतं.

शुक्रवारी नमाजाच्या वेळी रुवीची शटरं खाली असतात. रोज जिथे चालायला जागा नसते तिथे फक्त एसीचं पाणी ठिबकत असतं. बाई एका शिलाईच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. चिपळूणकडच्या. मुंबईत रात्रीच्या कॉलेजातून बीकॉम केलेलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मस्कतला आल्या. नवरा बंदरात क्रेनवर होता, तो हार्ट अटॅकने गेला. बाई बरीच वर्षं एका बँकेच्या वसुली खात्यात होत्या, हप्ते थकलेल्या लोकांना फोन करायच्या. पुढे ती नोकरी गेली आणि त्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये हिशेब बघायला लागल्या. मंडळातले काही लोक त्यांना पाठीमागे 'वसुलीवाली' म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. मंडळाच्या खजिनदाराशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, कारण एकदा त्यांनी भर सभेत त्याला खुर्च्यांचं भाडं विचारलं होतं. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायची त्यांना सवयच नव्हती.

कुळथाचं पिठलं, भात आणि सुकटीची चटणी होती.

"खारट झालंय?"

"नाही."

"खोटं बोलतोस. बँकेत असं बोलू नको." मग माझे कागद चाळत म्हणाल्या, "कुणाकडे जाऊन आलास वाटतं?"

मी त्या ऑफिसचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पहिला हप्ता कुणाच्या खिशात जाणार?"

"त्यांच्या. फी."

"म्हणजे तेवढे महिने बँकेला काय जाणार? काही नाही. आणि फोनही उचलायचा नाही. बँक काय समजेल?"

"ते बोलतील बँकेशी."

"हप्ता बँकेत पोचेपर्यंत तो हप्ता नव्हे, बाबा. आणि ते जे बोलणार तेच तू बोलू शकतोस. बँकेत जायचं, पगार कापल्याचं कंपनीचं पत्र द्यायचं, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची. त्याला पैसे पडत नाहीत. मी येते बरोबर."

"तुम्ही किती घेता?"

"मी काय घेणार?"

"मग मला नको," मी म्हणालो. "फुकट मी काही घेत नाही. आयुष्यभर घेतलं नाही. मी पैसे देईन, पण कुणाच्या दारात हात पसरून उभा राहणार नाही."

माझा आवाज चढला होता. बाई शांतपणे भात कालवत राहिल्या.

"वह्या का कपडे?"

"काय?"

"तुला शाळेत काय वाटायचे? आम्हाला गणवेश. सगळ्यांपेक्षा वेगळ्या कापडाचा, म्हणजे लांबूनच कळावं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "हे बघ, पैसे घेणारे सगळे चोर नसतात. कुणाला भाषा येत नाही, कुणाचं दहा ठिकाणी थकलंय, त्याने द्यावेत, काम झाल्यावर द्यावेत. तुला वाचता येतं, बोलता येतं, इंजिनिअर आहेस ते तू आल्यापासून दोनदा सांगितलंस. मग तू कशाचे पैसे देतोयस? समोर बसायला लाज वाटते, त्या लाजेचे."

मी ताटावरून उठायचाच बाकी होतो.

"आणि फुकट कसलं?" बाई पुढे म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांनी तुझ्याकडून व्याज घेतलं ना? समोर बसून बोलायचा हक्क त्यातच आला. तू भीक मागायला नाही चाललास, गिऱ्हाईक म्हणून चाललायस. इतकी वर्षं मी फोन केले. जे उचलायचे त्यांच्याशी मी कचाकचा भांडायचे, पण त्यांचं काही ना काही व्हायचं. जे उचलायचे नाहीत त्यांचा कागद वकिलाकडे जायचा. त्यांचा मला कधी आवाजसुद्धा ऐकू आला नाही."

"आणि तुमचं?" मी विचारलं. "तुमची तरी फी?"

"शुक्रवारी मला एकटीला जेवण जात नाही. ये, बस, जेव. खारट असलं तरी जेव. झाली फी."

जेवण झाल्यावर त्यांनी खरा अवघड प्रश्न विचारला. "घरी किती पाठवतोस?" मी आकडा सांगितला. पगार कापल्यावरही मी तो कमी केला नव्हता. "घरी सांगितलंयस?" मी नकारार्थी मान हलवली. "मग बँकेला काय सांगणार? आधी घरचा फोन."

त्यांच्यासमोर बसून मी परभणीला फोन लावला. आईशी बोलवेना, वडिलांना द्यायला सांगितलं. पगार कापलाय, बँकेचं थकलंय, यापुढे कमी येतील, एवढं मी एका दमात सांगितलं. वडील म्हणाले, "मग सराई संपली म्हन की. आमी न्हाई का काढले पावसाळे? एवढ्यासाठी एकलाच झुरत बसला का रे तू?"

मी फोन ठेवला तेव्हा बाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, नळ जरा जास्तच मोठा सोडून.

रविवारी मी त्या काचेच्या टेबलाकडे गेलो नाही. कंपनीच्या मागे लागून पत्र घेतलं आणि बाईंबरोबर बँकेत गेलो. दारापाशी त्या म्हणाल्या, "मी इथे बाहेर बसते. बोलायचं तू." आतला अधिकारी ओमानी होता, वयाने माझ्याएवढाच, डोक्यावर भरतकामाची टोपी. त्याने कागद बघितले आणि हिंदीत म्हणाला, "तुम फोन नहीं उठाता. हम समझा तुम भाग गया."

"भागा नहीं. यहीं हूँ," मी म्हणालो.

"अब कितना दे सकता? सच बोलो. ज्यादा बोलेगा, फिर नहीं देगा, तो खलास."

आकडा आम्ही शुक्रवारीच काढून ठेवला होता. मी तो सांगितला. तो कमी होता, आणि कमी आकडा ताठ मानेने सांगणं मला आजवर जमलेलं सगळ्यात कठीण काम. त्याने वरच्यांना विचारायला वेळ घेतला, दोन-तीन चकरा मारायला लावल्या, एकदा चिडलाही. पण शेवटी दोन्ही कार्डं बंद करून ती रक्कम कर्जातच घातली, मुदत वाढवली, हप्ता झेपेल एवढा केला. त्या शेवटच्या चकरेलाही बाहेर बाकावर बाई बसलेल्या होत्या. "झालं?" "झालं." "मग चल, मला शोरूमला उशीर होतोय." कौतुक वगैरे काही नाही.

त्यानंतर मी शुक्रवारी जात राहिलो. सुरुवातीला फी म्हणून, मग सवय म्हणून. तिथे येणारे बदलत असायचे. कुणी लांबच्या खाबुऱ्याहून बस धरून यायचा, कुणी आपल्याच इमारतीतला. बाई त्यांना झापायच्या, वाढायच्या, त्यांचे फोन त्यांच्याच कानाला लावायच्या. काम झालं की ते दिसेनासे व्हायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "कामापुरते येतात." तर म्हणाल्या, "चांगलंच की. डॉक्टरकडे कोण गप्पा मारायला जातं?" पण त्या दिवशी त्यांनी भात जास्तीचा लावला होता, आणि तो आम्ही दोघांनी संध्याकाळी पुन्हा खाल्ला.

त्यांचा मुलगा कॅनडात होता. संध्याकाळी त्या त्याला फोन लावायच्या. बहुतेक वेळा नुसती रिंग जायची. पूर्ण रिंग संपेपर्यंत त्या फोन कानाला लावून ठेवायच्या, मग म्हणायच्या, "तिकडे सकाळ असते. घाई असेल." इतरांचे फोन हिसकावून उचलणाऱ्या बाईंना मी काय सांगणार होतो?

मग त्यांचा व्हिसा वाढवून मिळाला नाही. वय झालं होतं. खोल्या रिकाम्या करायला मी गेलो. एवढ्या वर्षांचा संसार, पण बरोबर न्यायला दोन बॅगा. बाकीचं त्यांनी खालच्या शिलाईवाल्याला देऊन टाकलं. विमानतळावर त्या म्हणाल्या, "हप्ता चुकवू नको. आणि आता एकटा जेवत जाऊ नको, कुणाला तरी बोलाव." मी हो म्हणालो. मागे वळून बघायच्या त्या नव्हत्या. बघितलं नाहीच.

शुक्रवारी मी चिपळूणला फोन करायचो. गावात करमत नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पण फोन मात्र लांबवायच्या. पाऊस, शेजारणीची म्हैस, दुखरा गुडघा, माझा हप्ता. पुढच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी फोन त्यांच्या पुतणीने उचलला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मुलाला यायला जमलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझा शेवटचा हप्ता गेला. बँकेने काही देणं नसल्याचं पत्र दिलं आणि माझ्या सहीचा चेक परत केला. बाहेर आलो तर हे सांगायला रुवीत माझं कुणीच नव्हतं. मी थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिलो आणि कामावर गेलो.

कर्ज फिटलं. काचेच्या टेबलावरच्या त्या एजंटला एक बैसाही, म्हणजे इथला पैसाही, दिला नाही. बहीण नर्स झाली, परभणीचं घर वडिलांच्या नावावर आहे, आणि त्या सगळ्या वर्षांत मला घरी जाण्यापासून कुणीही अडवलं नाही.