दोरी शेवंतीकाकूंच्या हातात

आमच्या डायव्हिंग क्लबला शिकवणारे जगन्नाथकाका म्हणजे लालबागच्या चाळीतले, गोदीतले पाणबुडे. त्यांचा एकच हट्ट. ते खाली उतरले की वर दोरी बायकोच्या भावानेच धरायची. आपली बहीण विधवा होऊ नये म्हणून तो डोळासुद्धा मिटणार नाही, म्हणायचे. तो भाऊ, रामू, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात गेला. तेव्हापासून काका उतरलेच नाहीत; आम्हाला शिकवायचे तेही काठावरूनच.

गोदीत बुडालेली लाँच तपासायला आज मुकादम काकांना घेऊन निघाला, आमचा क्लबही बरोबर होता. मुकादम काकांना म्हणाला, "आज उतरला नाहीस तर उद्या गोदीत येऊच नको!"

मी दोरी धरायला गेलो, तर काका ओरडले, "तू कोण रे माझा?"

तेवढ्यात काकांची बायको, शेवंतीकाकूच धक्क्याला लागलेल्या आमच्या पडावात चढल्या.

"बाईमाणूस कशाला?" मुकादम खेकसला.

"गप रे मेल्या! रामू नाय, पण मी आसंय मा!"

काका उतरले. ताठ दोरी एकदम सैल झाली. काकूंनी ‘ठीक ना?’ विचारायला झटका दिला. खालून उत्तर नाही. पुन्हा दिला. नाहीच.

"अवो, तुमी तरी वर येवा!"

आणि खालून बारीकसा झटका आला. काकूंनी दोरी सोडली नाही, पण रामू गेल्यापासून पहिल्यांदाच हंबरडा फोडला.