खालाच्या वाट्याचं पाणी

तंबूच्या दाराशी बसलेली रुकैया खाला दोन्ही तळवे वाळूवर हलकेच टेकते, झटकते आणि चेहऱ्यावरून फिरवते... माझ्या चित्रमय आठवणींच्या पुस्तकाचं हे पहिलं पान. कुवेतवर युद्ध कोसळलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. पळून निघालेल्या आम्हा लोकांना वाळवंटात तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. आम्ही नागपूरचे, खाला रत्नागिरीची, तंबू मात्र एकच. तापलेल्या ताडपत्रीचा, घामाचा, डिझेलचा तो वास आजही मस्कतच्या उन्हाळ्यात कुठूनसा येतो — आणि मी खिडकी लावून घेते.

पाणी माणशी एक मग. खाला तापाने पडलेली, म्हणून तिचा मग रांगेतून आणायचं काम माझं. नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी नसलं की वाळू चालते, हे मला कुठे ठाऊक? मी आपली समजूत करून घेतली — हिचं वाळूवर भागतं, हिला एवढं पाणी कशाला! टाकीपासून तंबूपर्यंत येताना मी प्यायचे. कोमट, प्लास्टिकचा वास असलेलं ते पाणी काय गोड लागायचं! पुढे पुढे तळाला चार घोट उरायचे. "सांडलं," म्हणायचे. "सांडू दे गो, वाळूला पन तहान लागते," म्हणत खाला तेवढ्यावर फुटलेले ओठ भिजवायची. आम्ही तिथून सुटेपर्यंत तिचा ताप उतरला नाही.

पुस्तकात यातलं काही नाही. तिथे एक शहाणी मुलगी भरलेला मग दोन्ही हातांनी सांभाळत चालली आहे. सांगायला लाज वाटते, पण तिला रंगवताना मला फार बरं वाटलं होतं.

गेल्या शुक्रवारी छपाईआधीची प्रत घेऊन इथेच मस्कतमध्ये, दार्सैतला खालाच्या मुलाकडे गेले. खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून. ऐंशीला टेकलेली खाला नेमकी त्या मुलीपाशी थांबली, नातीला जवळ घेतलं. "बघ गो, हीच ती पोर. सोताचा घसा सुकला, पन माझ्या पान्याला तोंड नाय लावला हिनं."

"सो स्वीट, दादी!" नात म्हणाली.

"खाला, तसं नव्हतं गं... मी ते —"

"पुरे गो! कौतुक केलेलं तुला कधी आवडला नाय."

तिला ते पान भिंतीवर लावायला हवं होतं. नातीने ते जपून कापलं, पेन माझ्यापुढे धरलं. खालाने बोट ठेवून जागा दाखवली, आणि त्या मुलीच्या पायाशी मी सही केली.