दुपट्ट्यावरून घेतलेलं माप

नातीने हेल्मेट डोक्यात घातलं, दुकानातल्या आरशासमोर उभी राहिली आणि झटक्यात मान डावीकडे वळवली. मान वळली, हेल्मेट मात्र जरा मागाहून वळलं. एवढंच झालं. पण मला जवळच्या स्टुलावर बसावं लागलं.

अमरावतीतलं दुकान होतं. नातीला नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात नोकरी लागली होती आणि तिने मोटारसायकल घेतली होती. रोजचं जाणंयेणं हमरस्त्यावरून. सुनेने महिनाभर नको नको म्हटलं आणि शेवटी अट घातली की हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोटा झाकणारे बूट आल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडणार नाही. हे सगळं घ्यायला आबांना सोबत न्यायचं, कारण आबांना मापातलं कळतं. मी चाळीस वर्षं अकोल्यात शिवणकाम केलं आहे.

जाकिटाचं काम लवकर झालं. हात वर केला की कोपराची गादी जागची सरकते का, तेवढं मी पाहिलं. हातमोजे, बूट झाले. हेल्मेटपाशी आल्यावर नात म्हणाली, "हे मोठंच बरं आहे, आबा. उन्हाळ्यात खाली स्कार्फ बांधावा लागते. त्याच्यावर बसलं पाहिजे."

"ताई, ढिलं होऊन राहिलं ते," दुकानदार म्हणाला. "एक माप कमी घ्या."

"पट्टा घट्ट लावीन ना मी, भाऊ." मग माझ्याकडे वळून ती सहज म्हणाली, "बाबांसारखं पट्टा उघडा ठेवून नाही जाणार."

आमच्या घरात हे वाक्य पंधरा वर्षं बोललं जात होतं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हेल्मेट घालून निघाला पण पट्टा लावायचा राहिला आणि म्हणून गेला. ती तेव्हा सात वर्षांची होती. तिला बापाबद्दल जे थोडं माहीत आहे त्यात हे पहिलं. ते खोटं आहे. ते कसं तयार झालं, ते मला आता लिहून ठेवायचं आहे.

तेव्हा आम्ही सगळे अकोल्यात होतो. मुलाची बदली अमरावतीला झाली होती. सोमवारी सकाळी जायचा, शनिवारी परत यायचा. त्याने गाडी घेतली तेव्हा हेल्मेट घ्यायला मीच सोबत गेलो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. दुकानात मी गळ्यातली टेप काढली, त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधायला लावला आणि वरून माप घेतलं. दुकानदाराने सांगून पाहिलं. मुलगाही म्हणाला, "बाबा, हे हलून राहिलं. लहान घेतो ना."

"मापातलं तू मले शिकवतं का?" मी म्हणालो. "मे महिन्यात दुपट्टा कोठी ठेवशील? खिशात?"

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. मुलगाही हसला आणि त्याने ते हेल्मेट घेतलं.

तो गेला त्या सोमवारी पावसाळा संपला होता, ऊन कोवळं होतं, डोक्याला दुपट्टा नव्हता. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यात रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आडवा आला. शेतातल्या माणसांनी त्याला दवाखान्यात नेलं. मी शेजाऱ्याच्या गाडीवर बसून पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिथून शेजारी त्या माणसांना विचारून मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. तो गाडी बाजूला लावत होता आणि मी पुढे चालत गेलो. हेल्मेट तुरीच्या शेतात पडलं होतं. त्याला फारसा ओरखडाही नव्हता.

पट्टा लावलेला होता. क्लिप बंद होती.

शिवलेला सदरा अंगावरून कसा सरकतो हे मला न घालता कळतं. हेही कळलं. पट्टा जागच्या जागी होता आणि डोकं त्यातून निघून गेलं होतं. मग मला भीती वाटली. मुलगा गेल्याचं दुःख पोचायच्या आधी ही भीती पोचली, हे मला लिहावं लागेल. कोणी विचारेल, हे माप कोणी घेतलं? मी अंगठ्याने क्लिप दाबली. टक् असा आवाज झाला आणि पट्टा सुटला.

शेजारी मागून आला. हेल्मेट बघून म्हणाला, "पट्टा लावला नोयता वाटते पोरानं."

मी "हो" म्हणालो. त्यानंतर मला काहीच बोलावं लागलं नाही. बाकीचं लोकांनीच बोलून पक्कं केलं.

ती क्लिप उघडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शाळेच्या दप्तराची क्लिप लागली तरी मी दचकतो.

आणि आता तेच खोटं माझ्या नातीच्या डोक्यावर बसलं होतं. पट्टा लावला की झालं, हेच तिला आम्ही शिकवलं होतं. मी गप्प बसलो तर ती हे हेल्मेट घालून उद्या हमरस्त्यावर जाणार होती.

"काढ ते," मी म्हणालो.

"कावून? तुमी तर घामाघूम होऊन राहिले, आबा. पाणी आणू का?"

"तुझ्या बापानं पट्टा लावला होता."

तिने हेल्मेटची काच वर केली. "काय?"

"लावला होता. हेल्मेट मोठं होतं. मीच घेऊन दिलं, दुपट्ट्यावर माप घेऊन. तो नको म्हणत होता. पट्टा मी नंतर उघडला."

दुकानदार मागच्या फळीवरची खोकी सारखी करायला लागला. नातीने हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं.

"आईले माहीत आहे?"

"नाही."

"तुमीच सांगा. मी नाही सांगणार." मग ती दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, लहान दाखवा."

त्याने एक माप कमी दिलं. ते घालताना तिचे कान दुमडले, गाल आवळले गेले. त्याने पट्टा लावायला सांगितला, तिला मान खाली घालायला लावली आणि मागची कड धरून वर ओढली. हेल्मेट जागचं हललं नाही. उन्हासाठी त्याने खाली घालायची पातळ जाळीची टोपी दिली. पंधरा वर्षांपूर्वी अशी टोपी मिळत होती का, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

घरी सून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं.

"लावला होता?" तिने विचारलं.

"हो."

"तुमी पाहिला?"

"मीच उघडला."

ती मेथी निवडत राहिली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. जुडी संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं, मामाजी. मले वाटलं, रागारागात निघाले, पट्टा लावाचंही भान नाही राहिलं. पंधरा वर्षं मले वाटलं, माझ्यापायी गेले."

भांडणाचं मला माहीत होतं. तिच्या मनात काय आहे, त्याचाही अंदाज होता. हेसुद्धा मी तिला सांगितलं. ती उठून आत गेली.

आता नात सकाळी निघते तेव्हा सून फाटकापाशी उभी असते. नात मान खाली घालते आणि सून दोन्ही हातांनी हेल्मेटची मागची कड वर ओढून बघते. एकदा नाही, दोनदा. पहिल्या दिवशी ते करायला मी पुढे झालो होतो. सून म्हणाली, "तुमी बसा." तिने मला जेवायला वाढणं थांबवलं नाही, पण माझ्याशी बोलणं आता तेवढ्यापुरतंच राहिलं आहे.

मी ओसरीत बसतो. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकतो. नांदगाव पेठेला पोचल्यावर नात आईला फोन करते. तो वाजेपर्यंत मी चहाला हात लावत नाही. सून फोन उचलते, बोलते, ठेवते. मग आतूनच, कोणाचं नाव न घेता सांगते, "पोचली."