ईझमेंट म्हणजे सोय

वकिलांनी विचारलं, "बाई, कागद मराठीत करू की इंग्रजीत?" आणि मी एका दमात म्हणाले, "इंग्रजीतच करा."

शेजारच्या खुर्चीवर आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. बिद्रीकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं आले होते, धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून. त्यांना सही करायची नव्हती, काही द्यायचं नव्हतं. लेक घर घेतेय ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच. आणि त्यांच्यासमोर मला कागद इंग्रजीत हवा होता. खोटं कशाला सांगू?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., बी.एड., मुलींच्या हायस्कुलात इंग्रजीची शिक्षिका. वय चौतीस, लग्न झालेलं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं की मी विषय बदलत नसे. मला आधी घर घ्यायचंय, असं तोंडावर सांगत असे.

ब्लॉक राजारामपुरीत होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिथले बैठे बंगले एकेक करून पाडले जात होते. खाली दुकानं आणि वर दवाखाने, शिकवण्या अशा इमारती उठत होत्या. नव्या इमारतीतला ब्लॉक माझ्या आवाक्यात नव्हता. हा जुना. मालकानं दोन मजली घराचे चार ब्लॉक करून विकलेले, त्यातला वरचा. दोन खोल्या, शहाबादी फरशी, आणि मागं वरच्या दोन्ही ब्लॉकना लागून एक लांब गॅलरी. तिच्या माझ्याकडच्या टोकाला गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. गॅलरीचा तो निम्मा भाग माझ्या कागदात होता आणि तो बघूनच मी घर ठरवलं. तिथं मला टेबल मांडायचं होतं. गावात मी गुडघ्यावर वही ठेवून शिकले, वसतिगृहात खाटेवर बसून. नोकरी लागल्यावरही भाड्याच्या खोलीत वह्या तपासल्या त्या जमिनीवर. स्वतःचं टेबल आणि त्यावर डावीकडून येणारा उजेड, हे मला हवं होतं.

"वाच की," आबा म्हणाले. "काय काय लिवलंय, मला बी कळू दे."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमुक, सगळं नीट चाललं होतं. मग गॅलरीचं वाक्य आलं. त्यात शेजारचा ब्लॉक होता, गच्ची होती आणि मध्ये एक शब्द होता, ईझमेंट. तो मला येत नव्हता. वकील समोरच होते. विचारलं असतं तर मिनिटभराचं काम. पण त्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "कळतंय ना बाई सगळं?" आणि आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. ईझ म्हणजे आराम, हे मी आठवीच्या मुलींना शिकवत होते. मी म्हणाले, "गच्चीची सोय आहे. आपल्यालाही, शेजाऱ्यांनाही."

"सोय हाय. ब्येस झालं," आबा म्हणाले. मी सही केली.

शेजारच्या ब्लॉकमध्ये निपाणीकडची एक वयस्क लिंगायत बाई एकटी राहायची. सगळे तिला अव्वा म्हणत. रोज सकाळी धुण्याची बुट्टी कमरेवर घेऊन ती गॅलरीतून, माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून गच्चीवर जायची. जाताना आत डोकावायची. "बाई, आज बी बटाटंच?"

मला ते खपत नसे. महिन्याभरात मी सुतार बोलावला. गॅलरीत आडवी फळ्यांची भिंत घातली, तिला दार केलं, कडी माझ्या बाजूनं. आत टेबल मांडलं.

दुसऱ्या दिवशी अव्वा बुट्टी घेऊन आली ती फळ्यांपुढं थांबली.

"बाई, वाट कुठं गेली माझी?"

"अव्वा, ही गॅलरी माझी आहे. कागदात आहे तसं. तुम्ही दार वाजवा, मी उघडीन की."

"आनि तू शाळंला गेल्यावर? टेबल उठून उघडणार व्हय?"

"मग संध्याकाळी जा."

"संध्याकाळी ऊन तू आणून देणार?"

ती वळली. नंतर एकदाही तिनं दार वाजवलं नाही. मला वाटलं, चला, मिटलं.

आणखी काही आठवड्यांनी आबा आले, गुळाची ढेप घेऊन. ते जिना चढत होते तेव्हाच मला आवाज ऐकू आला. जिन्याच्या कठड्यावर अव्वाचं ओलं लुगडं ठिबकत होतं.

"आवं, वर गच्ची हाय की. हितं का वाळत घातलंय?"

"पावणं, ते तुमच्या लेकीला इचारा."

आबा आत आले. चहा नको म्हणाले. गॅलरीत जाऊन फळ्या बघितल्या, कडी वरखाली केली, टेबलावरून हात फिरवला.

"टेबल झ्याक हाय. पर म्हातारीची वाट हितनंच न्हवं?"

"कागदात तसं काही नाही, आबा."

"काढ कागद."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा म्हणाले, "सोय."

"कुणाची सोय?"

"दोघांची."

"गॅलरी आपली. मग आपल्याच गॅलरीत आपली सोय कोन कशाला लिवंल? ती तिचीच असणार."

मी कपाटातला जाड शब्दकोश काढला. शब्द सापडला. दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्याचा हक्क. आबा थांबले होते म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं.

"म्हंजी वहिवाट!" आबा म्हणाले. "मग तवाच वहिवाट म्हनायचं की पोरी. आपल्याला काय नवी हाय व्हय ती?"

नवी नव्हतीच. आमच्या रानातून मागच्या शेतकऱ्याची गाडीवाट होती. ऊसतोड सुरू झाली की त्याच्या बैलगाड्या आमच्या रानातून कारखान्याला जायच्या. दर वर्षी नांगरटीला आबा एक गाडी आणि वर दोन हात एवढी पट्टी सोडायचे, त्यानं काही न म्हणता. तिथं ऊस का लावत नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. "ती रानात असली तरी आपली न्हवं," असं ते म्हणाले होते. मला जो शब्द येत नव्हता, तो आबा माझ्या जन्माआधीपासून नांगर वळवून पाळत होते.

"त्या दिवशी तुला कळलं न्हवतं?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. माहीत करून घ्यायचं म्हणून.

कायद्याची इंग्रजी वेगळी असते, असं मी सांगू शकले असते. ते खरंही होतं. "न्हाय कळलं, आबा," मी म्हणाले. कॉलेजात गेल्यापासून मी 'न्हाय' म्हणायचं सोडलं होतं.

"मग इचारायचं. हातोडा हाय का घरात?"

दुपारभर आम्ही दोघांनी फळ्या उचकटल्या. टेबल आता आत जाणार, असं मी धरूनच चालले होते. आबांनी ते भिंतीला लांबीनं लावलं. मग अव्वाच्या दारातली रिकामी बुट्टी मागून घेतली, तिच्यासारखी कमरेवर धरली आणि गच्चीच्या जिन्यापर्यंत चालत गेले. कोपर टेबलाला घासलं.

"चार बोटं सरकव."

मी सरकवलं. ते परत चालले. पटका बांधलेला माणूस कमरेवर बुट्टी घेऊन येरझाऱ्या घालतोय, हे अव्वा तिच्या दारातून बघत होती.

"पावणं, कंबर माझी हाय, तुमची न्हवं. आनखी चार बोटं लागतील."

आबा हसले. मी टेबल आणखी सरकवलं. स्वयंपाकघराचं दार त्यामुळं पुरतं उघडेना. त्या घरात असेपर्यंत मी तिरकी होऊनच आत-बाहेर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी वह्या तपासत होते. डावीकडून उजेड येत होता. मागून साबणाचा वास आला, बांगड्या वाजल्या. मी खुर्ची पुढं ओढून घेतली.

"बाई, आज बी बटाटंच?"

"आज बी," मी म्हणाले.