नकाशावरची पांढरी गल्ली

लातूरला एका क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर मी रेक्टर होते. तेव्हाचं आठवलं की आजही डोकं तडकतं. क्लासवाल्यांनी सिक्युरिटीसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. स्क्रीनवर सगळ्या आवाराचा नकाशा. जिथं तक्रारी जास्त तिथं लाल, नाहीत तिथं पांढरं. रंग बघून गार्डच्या फेऱ्या ठरायच्या.

पार्किंग लालभडक होतं, कारण गाडीचा आरसा गेला तरी पोरं तक्रार करायची. होस्टेलमागची गल्ली मात्र पांढरीफटक. म्हणून तिथला गार्ड काढून पार्किंगला दिला.

अहो, त्याच गल्लीत टवाळ पोरं गाड्या आडव्या लावून उभी राहायची. मेसला जाणाऱ्या प्रत्येक पोरीला हे माहीत होतं. पण बोलायचं कोणी? घरी कळलं की बाप पहिल्या एसटीनं येणार आणि बिस्तरा गुंडाळून गावाकडं नेणार. मेडिकल राहिलं बाजूला, लग्नच लावून देणार.

हे मी मिटिंगमध्ये सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमच्या बोलण्यानं नकाशा लाल होत नाही. तक्रार येऊ द्या." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तक्रार नोंदवली की पालकांना आपोआप मेसेज जायचा. तो बंद करा म्हटलं तर तशी सोय नाही म्हणे.

देवणीकडची एक पोरगी होती. डॉक्टर व्हायचं एवढं एकच वेड तिला. एका संध्याकाळी त्या गल्लीत एकानं तिची ओढणी ओढली. ती तशीच तडक ऑफिसात गेली. "सगळ्याच गप बसल्या तर कसं व्हायचं," म्हणाली आणि तक्रार देऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप दारात. मी हात जोडले, "भाऊ, परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

तो मान खाली घालून म्हणाला, "म्याडम, मेसेज इंग्रजीत व्हता. मला कुठं वाचता येतंय? हाटेलात वाचून घेतला. आता सगळ्या गावाला ठावं झालं."

पोरगी बिस्तरा बांधायला लागली. मला मात्र तो फोन, ती स्क्रीन, सगळं फोडून टाकावंसं वाटत होतं.

पुढच्या मिटिंगला गल्ली लाल दिसत होती आणि गार्डही परत आला होता. मॅनेजरनं ते सॉफ्टवेअरचं यश म्हणून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून विचारलं, "आणि ती पोरगी?"

"ती आता आपल्या आवारात नाही ना, मॅडम," तो म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली.