लेथवरचं लाटणं

वारज्यात एका वर्कशॉपवरून जाताना मशीनवर सोडतात त्या कूलंटचा वास आला आणि कॉलेजातला सेंड-ऑफ आठवून इतक्या वर्षांनीही डोकं तापलं. मेकॅनिकलच्या वर्गात मुलगी मी एकटीच. निरोपाला वर्गाचं गमतीचं ‘मृत्युपत्र’ वाचायची आमच्याकडे पद्धत होती. ज्युनिअर्सना मागचे बाक ठेवले, आणि मला मुलांनी मुद्दाम लेथ मशीनवर कातून बनवलेलं लाकडी लाटणं. “आयटीत जा नाहीतर अमेरिकेत, शेवटी हेच लागणार!” वर्कशॉपचे सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मी लाटणं फिरवून पाहिलं. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक.

“सर, जॉब चुकलाय.”

मी लेथवर कातलेल्या जॉबमध्ये केसभर फरक दिसला तरी तो पुन्हा करायला लावणारे सर हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “अगं, पोळ्यांना चालेल!”