स्टेनोकाकांच्या दहा फाइली

एकतीस वर्षं स्टेनोकाकांनी कोर्टात लोकांची भांडणं लघुलिपीत उतरवून घेतली आणि त्यातलं एक अक्षर घरी आणलं नाही. समोरच्या घरातल्या नवराबायकोचा घटस्फोट झाल्याचं काकूंना दूधवाल्याकडून कळलं, तेही सहा महिन्यांनी. त्या खटल्याचा शब्द न् शब्द लिहून घेतलेला माणूस तेव्हा त्यांच्याच शेजारी बसून पेपरातलं कोडं सोडवत होता. इतकं सगळं पोटात ठेवून ह्यांना साधं अजीर्ण कसं होत नाही, असं काकू चारचौघांत म्हणायच्या. काका ते कौतुक समजत. ते पुरतं कौतुक नव्हतं.

निवृत्तीनंतर काम मिळालं तेही तोंड मिटून करायचंच. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एका समुपदेशक बाईंचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. लोक तिथे येऊन मन मोकळं करत, बाई त्यांच्या परवानगीने ते रेकॉर्ड करत आणि काका ते घरी नेऊन टाइप करत. पायाखाली एक जुनं पेडल होतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. हात कीबोर्डवरून हलवायला नको.

ह्या पेडलला जुमानणारा प्रोग्रॅम भाचीने शोधून दिला होता. "फुकट आहे, मामा, आणि उघडा आहे," ती म्हणाली होती. "ह्याच्या पोटात काय चाललंय ते कोणीही जाऊन वाचू शकतं. लपवाछपवीला जागाच नाही."

काकांना हे पटलं. उघड्या कोर्टात खोटं बोलायला माणूस जरा कचरतो, हा त्यांचा अनुभव होता. कोणीही वाचू शकतं आणि कोणीतरी वाचतं, ह्या दोन गोष्टींतलं अंतर मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. वास्तविक कोर्टाच्या नोटीसबोर्डासमोरून ते एकतीस वर्षं रोज जात होते.

क्लिनिकमधून रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर, पाकिटात घालून यायचं आणि पाकिटावर नाव असायचं. काका आधी ते पाकीट फाडत, मग चहा घेत. कॉम्प्युटरवर कोणाचंही नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. सुरुवातीला त्यांनी नंबर देऊन पाहिले. पण एकदा चौदाचे कागद एकेचाळीसमध्ये गेले आणि एका विधुराला परीक्षेची भीती कशी घालवावी ह्यावर मार्गदर्शन मिळालं. तेव्हापासून त्यांनी कोर्टातली मुद्देमालाची रीत धरली. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं एका ओळीत असं वर्णन करायचं की दुसरीशी घोटाळा होता कामा नये: लाकडी मुठीचा सुरा, पातं टोकाला वाकलेलं. त्याच चालीवर त्यांच्या फाइली होत्या. 'सारखा घसा साफ करणारे पेन्शनर'. 'सुनेचं नाव न घेणाऱ्या सासूबाई'. 'चष्म्याच्या दुकानातला धाकटा, बायकोला माहीत नाही'.

एकाही फाइलीत नाव नाही, ह्याचा काकांना अभिमान होता. एका नावाची माणसं गावात वीस निघतात. चष्म्याचं दुकान चालवणारे दोघे भाऊ मात्र गावात एकदाच असतात. एवढा साधा हिशेब त्यांना सुचला नाही, कारण तो सुचू नये इतके ते काळजीत मग्न होते.

एके दिवशी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. सुरू होताच तिने विचारलं, तुमच्या वापराची माहिती पाठवून आम्हाला मदत कराल का? चौकटीत खूण आधीच करून ठेवलेली होती. आयुष्यभर कागद सहीआधी शेवटपर्यंत वाचणाऱ्या काकांनी ती खूण काढली आणि स्वतःवर खूश होऊन पेडल दाबलं. प्रोग्रॅम धाडकन बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग दुसरी चौकट आली: काहीतरी बिघडलं, अहवाल पाठवायचा का? काकांनी क्षणभर विचार केला. डोळ्यांदेखत अपघात झाला आणि साक्ष द्यायला नको म्हणणारी माणसं त्यांना मनापासून आवडत नसत. त्यांनी पाठवला. खाली करड्या, बारीक अक्षरांत 'तपशील पाहा' असं होतं. ते त्यांना दिसलं तिसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी पेडल दुरुस्त झालं का हे बघायला त्यांनी त्या प्रोग्रॅमवाल्यांचं तक्रारींचं पान उघडलं, तर सगळ्यात वर त्यांचाच अहवाल. कोणीही वाचावा असा. मशीन कुठलं, पेडल कुठलं, आणि त्याखाली शेवटच्या उघडलेल्या दहा फाइली, ओळीने. फाइली ज्या फोल्डरमध्ये होत्या त्याचं नाव बाईंच्या क्लिनिकचं, गल्लीसकट. त्याखाली दूर कुठल्यातरी देशातल्या एका सज्जनाने विचारलं होतं, ही लिपी कोणती? दुसऱ्या सज्जनाने कोणी न सांगता दहाही ओळींचं मशीनकडून इंग्रजी भाषांतर करून चिकटवलं होतं, सगळ्यांच्या सोयीसाठी. भाषांतर दुर्दैवाने बरं होतं.

काकांनी कोर्टाच्या इंग्रजीत विनंती अर्ज लिहिला. सदर मजकूर खाजगी असून तो तात्काळ काढून टाकावा.

पहिलं उत्तर तासाभरात आलं. अहवालाबद्दल आभार, पेडलचा दोष सापडला. दुसरा गृहस्थ काकांच्या बाजूने पेटून उठला. लोकांची माहिती अशी न विचारता गोळा करणं हा अन्याय आहे, असं त्याने लिहिलं आणि अन्याय स्पष्ट दिसावा म्हणून दहाही ओळी ठळक अक्षरांत पुन्हा दिल्या. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याने खुलासा केला की आम्ही काही गोळा करत नाही, अहवाल वापरणाऱ्याने स्वतः पाठवला आहे, आणि त्यात काय जातं हे कोडमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं आहे. कोड उघडा आहे, वाचायचा होता. ह्यावर वाद पेटला. आम्ही फुकट राबतो आणि वर तुमची बोलणी खातो, असा एक पक्ष. फुकट म्हणजे आमच्या घरात डोकावायचा परवाना नव्हे, असा दुसरा. दोन्ही पक्ष पुरावा म्हणून काकांच्या ओळी देत होते. रविवारपर्यंत सासूबाई नऊ ठिकाणी झाल्या.

"माझं तेवढं काढा," काका रोज लिहीत. रोज कोणीतरी त्यांच्या धैर्याचं कौतुक करी.

भाचीने फोनवर सांगितलं की अहवाल प्रोग्रॅमच्या खात्यातून चढला, तेव्हा तो फक्त सांभाळणाराच काढू शकतो, आणि बाकीच्यांनी चिकटवलेलं ज्याचं त्याने. तो सांभाळणारा मात्र पान बंद करून सुट्टीवर गेला होता. शेरा एवढाच: पेडल दुरुस्त. बंद केलेलं पान वाचता सगळ्यांना येत होतं, बोलता कोणाला येत नव्हतं. भाचीने क्लिनिकचं नाव टाकून शोधूनही पाहिलं. पान चौथ्या क्रमांकावर होतं, क्लिनिकच्या स्वतःच्या पत्त्याच्या वर.

"तू म्हणाली होतीस लपवाछपवी नाही," काका म्हणाले.

"नाहीच आहे ना, मामा," ती कशीबशी म्हणाली.

काका बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. दहांपैकी नऊ जण वर्णनावरून ओळखू येण्यासारखे नव्हते. त्यांनाही त्या स्वतः सांगणार होत्या. दहाव्याला, चष्म्याच्या दुकानातल्या धाकट्याला, मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी क्लिनिकमध्ये बोलावलं, आणि त्याच्याशी आपणच बोलतो, असं काका म्हणाले.

आठ महिने ज्याचा श्वास अडकलेला, हुंदका गिळलेला, खुर्ची करकरलेली सगळं पायाने थांबवून थांबवून ऐकलं होतं, तो माणूस काकांनी पहिल्यांदा पाहिला. आवाजावरून त्यांनी कोणीतरी किरकोळ धरला होता. हा दारात मावत नव्हता. काकांनी साक्ष द्यावी तसं सगळं क्रमाने सांगितलं आणि ती ओळही वाचून दाखवली.

किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज खालून येत होता, ती खिडकी धाकट्याने लावून घेतली. मग म्हणाला, "बायकोची मावसबहीण ह्याच गल्लीत राहते. क्लिनिकचा नंबर पाहिजे म्हणून उद्या तिने शोधलं तर?"

काकांनी ओळीचा कागद टेबलावर उलटा ठेवला.

"काका, मी इथे का येतो ते मी सांगेन तिला, मला जमेल तेव्हा. त्याच्यासाठीच तर येतोय. तिला ते तिसरीकडून, भलत्याच माणसाच्या शब्दांत कळलं तर संपलंच." तो उठला. "ते पान निघेपर्यंत रोज फोन करायचा. सकाळी साडेनऊला. दुकान उघडतो तेव्हा मी एकटा असतो. निघालं की नाही, एवढंच सांगायचं."

तेव्हापासून सकाळची सव्वानऊ ते साडेनऊ ही काकांची अर्जाची वेळ झाली. पान बंद, म्हणून ते सांभाळणाऱ्याला पत्र लिहीत. तो नाही म्हणून त्याच्या मदतनिसाला. मदतनिसाने कळवलं की हा मुद्दा धोरणाचा आहे, धोरणासाठी समिती नेमली आहे, आणि आपण सारे स्वयंसेवक आहोत हे कृपया लक्षात घ्यावं. साडेनऊला काका फोन करत आणि 'नाही' म्हणत; समितीचं तेवढं एकदा सांगितलं. पलीकडून शटर वर गेल्याचा आवाज येई आणि 'बरं'. कोर्टात तारीख पे तारीख पडायची तेव्हा काका पक्षकारांना मनात हसत असत. आता ते पक्षकार होते, आणि न्यायाधीश सुट्टीवर.

काकूंना एवढंच दिसत होतं की नवरा रोज सकाळी कोणालातरी फोन करून एकच शब्द बोलतो. त्यांनी विचारलं. काका म्हणाले, कामाचं आहे. काकू म्हणाल्या की एवढं नकाराचं काम ह्या घरात आजवर कोणी नेमाने केलं नव्हतं.

बाराव्या दिवशी काकांनी नंबर लावला आणि सवयीने म्हणाले, "नाही."

"राहू द्या आता," धाकटा म्हणाला. शटरचा आवाज आला नाही. "काल रात्री मीच तिला सांगितलं. रोज सकाळी तुमचं 'नाही' ऐकून दिवसभर दुकानात धाकधूक. म्हटलं, ती समिती बसायच्या आधी आपणच बसावं."

काकांना हायसं वाटलं, आणि त्या भरात, अख्ख्या हयातीत न विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडून निघून गेला. "मग? काय म्हणाल्या त्या?"

पलीकडून शटर वर गेल्याचा आवाज आला.

"ते नाही सांगणार, काका."

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "माझं चुकलं."

"आणि ते पान निघालंच पाहिजे बरं का. ती वाचेल की नाही हा प्रश्न नाही. ते माझं आहे."

फोन ठेवून काकांनी चष्मा पुसला आणि समितीच्या नावे मायना लिहायला घेतला. काकूंनी आतून विचारलं की आज चार वाक्यं जास्त कशी झाली. काकांनी दार लोटून घेतलं.